हशाची ध्वनिफीत आणि शस्त्रक्रियागृह : ‘मॅश’मधील हास्य व करुण

विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त करुण आणि भयानक हे हास्याचे विरोधी रस मानले आहेत. अमेरिकी दूरचित्रवाणीने असाच विरोध ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारातून जोपासला. विनोदी मालिकेला मुद्रित हशाची जोड असे, गंभीर नाट्याला नसे. कोणता रस अपेक्षित आहे हे प्रेक्षकाला तो हशाच सांगे.

रिचर्ड हूकर यांची कादंबरी (१९६८) आणि रॉबर्ट ऑल्टमन यांचा चित्रपट (१९७०) यांमागोमाग लॅरी गेलबार्ट यांनी १९७२ मध्ये सीबीएस वाहिनीसाठी ‘मॅश’ ही मालिका सिद्ध केली. कथा कोरियन युद्धातील लष्करी रुग्णालयाची. प्रेक्षकांसमोर मात्र व्हिएतनामचे युद्ध होते. वाहिनीने हशाचा आग्रह धरला. निर्मात्यांनी एकच सवलत मिळविली : शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत हशा घालावयाचा नाही. ही तडजोड वरवर किरकोळ वाटते, परंतु मालिकेचा रूपबंध तिनेच घडविला. शस्त्रक्रियागृहातही डॉक्टरांचे विनोद चालूच राहतात. त्यांना दाद देणारे मात्र कोणी नसते. तंबूत जो चेष्टेखोरपणा भासतो, तोच येथे हात स्थिर ठेवण्याची धडपड ठरतो.

१८ मार्च १९७५ रोजी प्रसारित झालेल्या भागात कर्नल हेन्री ब्लेक यांना निरोप दिला जातो. निरोपाची थट्टामस्करी संपल्यावर रडार शस्त्रक्रियागृहात येऊन निरोप वाचतो : ब्लेक यांचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणीही वाचले नाही. हे शेवटचे पान बहुतेक नटांच्या हाती चित्रीकरणाच्या अगदी आधी पडले होते. हातातून निसटलेले एक उपकरण खाली पडते, आणि काम पुढे चालू राहते. पुढे संतप्त प्रेक्षकांची पत्रे आली. हास्यात करुण मिसळला, एवढेच म्हणून हा परिणाम उलगडत नाही. हशाला जेथे मज्जाव होता, तेथेच ही वार्ता पोहोचते, हे येथे निर्णायक आहे.

ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशाविना दाखविली. तेथील प्रेक्षकाला ही सीमारेषा ऐकूच आली नाही. तंबूतील विनोदाचे वजन त्याला स्वतःच ठरवावे लागले. एका अर्थी दोन देशांनी दोन भिन्न संहिता पाहिल्या. तौलनिक अभ्यासात हा पाठभेद सहसा नोंदला जात नाही.

२८ फेब्रुवारी १९८३ चा अडीच तासांचा अखेरचा भाग अमेरिकेतही हशाविना प्रसारित झाला. त्यात विनोदवीर हॉकाय मनोरुग्णालयात आहे. शत्रूला चाहूल लागू नये म्हणून बसमधील एका स्त्रीने कोंबडी गुदमरवली, असे तो सांगतो. ती कोंबडी नव्हती, तिचे मूल होते, हे त्याला फार उशिरा आठवते.