वंगण ते जळके ऑइल

'तेलपाणी' हा मराठीतला मोठा बोलका जोडशब्द आहे. गाडीचे तेलपाणी पाहणे म्हणजे इंजिनातले तेल आणि रेडिएटरमधले पाणी तपासणे, हे आज कोणालाही कळते. परंतु मोटार येण्याच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावरच्या मुक्कामाची कामे हीच होती: बैलांना पाणी आणि चाकांना तेल. वाहन बदलले तरी मुक्कामाचा हा विधी फारसा बदलला नाही. बदलले ते तेलाचे काम, आणि त्या कामात हात घालणारा माणूस. हा बदल पाहायला पनवेलइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून पुण्याला जाणारा प्रवासी बोटीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढे. घाटातून चाकाची वाहने नेता येतील असा रस्ता मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला. पुढे १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कल्याण-कर्जतमार्गे गेल्याने पनवेलचे महत्त्व ओसरले. तरीही गाड्यांची चाके बनवणारे गाव ही पनवेलची ओळख इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांत नोंदली गेली आहे. जेथे चाक घडते तेथे वंगणही असतेच.

लाकडी चाकाचा तुंबा आणि गाडीचा आस यांच्यात घर्षण होते. ते वाढले की चाक कुरकुरते, तापते, झिजते. त्यावर उपाय म्हणून एरंडेल किंवा हाताशी असेल ते तेल चिंधीत मुरवून आसाला लावीत. वंगणाचे नळकांडे गाडीखाली लटकत असे. या कामाची दोन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्यासारखी आहेत. एक म्हणजे, वंगण 'घालायचे' असते. जुने काढण्याचा प्रश्नच फारसा उद्भवत नाही, कारण ते वाटेतच गळून, उडून, धुळीत मिसळून संपते. दुसरे म्हणजे, जे गळते ते बियांचे तेल. माती ते काही काळाने पचवते. आपल्या परंपरेने वंगण घालण्याची रीत शिकवली. काढलेल्या तेलाचे काय करावे हे शिकवण्याची तिला गरजच पडली नाही.

मोटारीने हे गणित उलटे केले, जरी सुरुवात त्याच एरंडापासून झाली. चार्ल्स वेकफिल्डच्या कंपनीने १९०९ साली एरंडेल मिसळलेले इंजिन तेल बाजारात आणले आणि इंग्रजीतल्या 'कॅस्टर' या शब्दावरून त्याला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले. त्याच कंपनीचा एक कारखाना आज पनवेलपासून जवळच पाताळगंगेच्या औद्योगिक क्षेत्रात आहे. गाडीवानाच्या नळकांड्यातला पदार्थ जगप्रवास करून नवे नाव घेऊन शेजारी येऊन बसला, असे गमतीने म्हणता येईल. अर्थात आजचे इंजिन तेल बहुतांशी खनिज वा कृत्रिम असते.

इंजिनातले तेल केवळ घर्षण कमी करीत नाही. ते उष्णता वाहून नेते, फटी बंद ठेवते, गंज रोखते आणि मुख्य म्हणजे इंजिनाची घाण स्वतःत घेते. काजळी, धातूचा सूक्ष्म चुरा, जळणातून आलेली आम्ले हे सारे तेलातील शोधक द्रव्ये तरंगत ठेवतात. म्हणून तेल काळे झाले की ते 'वाईट' झाले, ही समजूत अर्धीच खरी आहे. काळे होणे हे त्याचे कामच आहे. मात्र घाण घेण्याला मर्यादा असते. ती संपली की नुसती भर घालून भागत नाही, जुने तेल काढावेच लागते. वंगण आणि इंजिन तेल यांतला खरा फरक येथे आहे.

हे पाहण्याची साधने हळूहळू घडली. १९०८ सालच्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तेल मोजण्याची पट्टी नव्हती. गाडीखाली वाकून दोन तोट्या उघडाव्या लागत आणि तेलाची पातळी त्या दोहोंच्या दरम्यान आहे की नाही ते पाहावे लागे. तेलाच्या दाटपणाची एसएई श्रेणी १९११ साली आली, तर तेल गाळणारा फिल्टर १९२० च्या दशकात. डिपस्टिक ही त्यामानाने किती सुटसुटीत गोष्ट! एक लवचिक पट्टी, तिच्यावर दोन खुणा, आणि इंजिनाच्या प्रकृतीची निम्मी हकीकत तिच्या टोकाला.

पण ती पट्टी ओढून पाहायची कोणी? बैलगाडीत ते काम गाडीवानाचे, ट्रकमध्ये क्लीनरचे, श्रीमंताच्या मोटारीत पगारी ड्रायव्हरचे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, बाहेर पडू लागली तरी अनेक वर्षे मोटार ही मूठभरांचीच राहिली. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि मग स्वतःच गाडी घेणारा व स्वतःच चालवणारा पगारदार वर्ग मोठ्या संख्येने उभा राहिला. सिडकोची (स्थापना १९७०) नवीन पनवेलसारखी उपनगरे याच काळात वस्तीने भरत होती. पांढरपेशा मालकाने गाडीच्या तेलात स्वतःचे बोट बुडवावे, हा प्रसंग आपल्या समाजेतिहासात तसा नवाच होता.

ती रीत आजही मोलाची आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून दहाएक मिनिटे तेल खाली उतरू द्यावे, पट्टी काढून पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून मग वाचावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी तेलाने इंजिन जाम होते. जास्त भरल्यास तेल घुसळून फेसाळते. पातळी वारंवार उतरत असेल तर गाडी 'ऑइल खाते' किंवा कोठेतरी गळते. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले, हे समजून गाडी चालवूच नये. बदलताना इंजिन कोमट असावे, म्हणजे घाण तेलासोबत वाहून येते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरणे हा जिवाशी खेळ होय. भक्कम स्टँड हवेतच. चेंबरचा नट नव्या वॉशरसह बसवावा, नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचे बोट लावून तो पुस्तिकेत सांगितला तितकाच आवळावा, तेलाची श्रेणीही पुस्तिकेतलीच घ्यावी. मग इंजिन थोडे चालवून गळती आणि पातळी पुन्हा पाहावी.

एवढे झाल्यावर हाती उरते ते तीन-चार लिटर 'जळके ऑइल'. येथे परंपरा मुकी होते. कोकणात हे तेल वाळवी लागू नये म्हणून लाकडांना फासतात. बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात. काटकसर म्हणून हे कौतुकास्पद वाटते, पण त्या तेलात जड धातू आणि कर्करोगाशी संबंध असलेली हायड्रोकार्बने असतात, आणि एरंडेलासारखे ते मातीला पचत नाही. गटारात ओतले तर कोकणच्या पावसात ते गाढी नदीच्या आणि पुढे पनवेल खाडीच्या वाटेला लागते. कायद्याने वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून ते परत मिळवून त्याचा पुनर्वापर घडवण्याची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. घरी तेल बदलणाऱ्याने ते जुन्याच डब्यात बंद करून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे माल पाठवणाऱ्या गॅरेजात वा सर्व्हिस सेंटरात द्यावे. हातमोजे घालावेत, हे वेगळे सांगायला नको.

आता तेल बदलण्याची मुदत अनेक गाड्यांत दहा हजार किलोमीटर वा एक वर्ष इतकी लांबली आहे. काही महागड्या मोटारींतून डिपस्टिकच नाहीशी झाली असून विजेच्या गाडीला इंजिन तेल लागतच नाही. मुंबईच्या टॅक्सींतली पद्मिनी तर ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. ड्रायव्हरचा काळ आणि सर्व्हिस सेंटरचा काळ यांच्यामधली ती काही दशके, ज्यांत मालकाने स्वतः बॉनेट उघडले, ती आता सरत आली आहेत. त्यांचा वारसा काय, असे विचारले तर उत्तर पाने-पक्कडींत नाही. आपण जे वापरतो त्याची घाण कोठे साठते हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, हा तो वारसा. गाडीवानाला ती घाण शेवटी कोठे जाते हे पाहावे लागले नाही. आपल्याला ती सवलत नाही. रस्त्यावर तेलाच्या गाड्या आहेत तोवर तरी नाही.