कोठीच्या अंगणातील जीप

सुलतान बाजाराच्या मागच्या अंगाला असलेल्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात पन्नासहून अधिक वर्षे एक जीप उभी आहे. थोरल्या काकांनी ती १९७४ साली सरकारी लिलावात, ‘कंडम’ म्हणून काढलेल्या वाहनांतून घेतली. गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने तिला ‘मूळ रूपात’ आणण्याचा निश्चय जाहीर केला आणि घरात वाद उभा राहिला. मूळ रूप म्हणजे कोणते? प्रश्न घरगुती खरा. पण उत्तर शोधताना मला बराच इतिहास चाळावा लागला.

जीप ही मुळात घाईत जन्मलेली वस्तू. जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने चारही चाकांना गती मिळणाऱ्या हलक्या गाडीसाठी निविदा मागविल्या आणि पहिला नमुना अवघ्या ४९ दिवसांत हवा अशी अट घातली. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याच्या आराखड्यावरून तो २३ सप्टेंबर रोजी मुदतीत हजर केला. परंतु कंपनी लहान आणि मागणी प्रचंड. मोठी कंत्राटे विलिस आणि फोर्ड यांना मिळाली. त्या दोघांनी १९४५ पर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या, आणि ज्यांनी पहिला नमुना घडविला त्यांच्या वाट्याला जीपमागे जोडायचे ट्रेलर आले. शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

हैदराबादकरांना या गाडीच्या भारतीय कुळकथेत एक ओळखीचे नाव भेटते. १९४५ साली जगदीशचंद्र व कैलासचंद्र या महिंद्रा बंधूंनी पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली, तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’. हे मोहम्मद म्हणजे चाळिसाच्या दशकात निजाम सरकारचे अर्थमंत्री राहिलेले मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि १९५१ मध्ये गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीच्या पाटीवर दुसरे नावही ‘महिंद्रा’ असे आले. त्याच सुमारास विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला जीपा जुळविण्याचे काम सुरू झाले.

१९४८ हे वर्ष आपल्या कुटुंबांना वेगळ्याच कारणाने स्मरते. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य सोलापूरहून नळदुर्गच्या वाटेने निघाले आणि १८ तारखेस जनरल चौधरी यांनी निजामाच्या फौजेची शरणागती स्वीकारली. जीप दिसली की आमच्या वडिलांना तोच आठवडा आठवे. गंमत अशी की, स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला घोटाळाही त्याच वर्षीच्या जीपखरेदीचा: लंडनमध्ये ठरलेला ८० लाखांचा सौदा, आणि प्रत्यक्षात बंदरात उतरलेल्या गाड्या १५५.

पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनिशी समाज विकास योजना सुरू झाली आणि जीप सैन्यातून कचेरीत आली. बी. डी. ओ. आणि जीप ही जोडी खेड्यापाड्यांत रूढ झाली. आमची गाडी त्याच पिढीतील, १९६२ ची ‘सीजे-३बी’. इंजिन उंच झाल्यामुळे या जीपचे बॉनेटही उंच करावे लागले होते. अमेरिकेत ती १९५३ साली आली. सुकाणू डावीकडे. ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह, नो सिग्नल’ ही मागे रंगविलेली पाटी आमच्या गाडीवर कित्येक वर्षे होती.

आता काकांच्या उद्योगाविषयी. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. दहा-अकरा वर्षे कुरकुर करून अखेर १९८५ च्या सुमारास त्यांनी पेट्रोल इंजिन उतरविले आणि मोडीत निघालेल्या एका मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसविण्याचे ठरविले. मिस्त्री गुणी होता, पण काम सोपे नव्हते. इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानपाट्यांत एकेक पाटा वाढविला. जुना गिअरबॉक्स आणि नवे इंजिन यांची तोंडे जुळेनात, म्हणून मध्ये जाड लोखंडी चकती कातून घातली. एवढे झाल्यावर कळले की खरी अडचण मागे आहे. डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८ ला १. म्हणजे वरच्या गिअरमध्येही चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला पाचाहून अधिक फेरे घ्यावे लागतात. चपळ पेट्रोल इंजिनाला ते मानवते, संथ डिझेलला मानवत नाही. ताशी पन्नासच्या पुढे गाडी नुसती ओरडे. काका म्हणत, ‘अरे, आपल्याला घाई कुठे आहे?’

जुने इंजिन राणीगंजच्या भंगारवाल्याने किलोवर नेले. त्या दिवशी काका जेवले नाहीत, असे काकू सांगत.

याच काळात मी आदिलाबाद जिल्ह्यात नोकरीस होतो. उटनूरकडे पावसाळ्यात कचेरीची जीप ओढ्यांतून नेताना जमिनीलगतच्या दोन लहान दांड्यांचे महत्त्व कळले: एक पुढच्या चाकांना जोडणारी, दुसरी वेग अडीचपट उतरवून तितकाच जोर देणारी. काकांनी सारे बदलले, पण या दांड्यांना हात लावला नाही.

पुतण्याची बाजू कायद्याची आहे. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई सांगितली. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील वाहनांना ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय दिली. शुल्क वीस हजार, अट अशी की सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नसावा. आमची जीप वयाने पात्र, इंजिनाने अपात्र. म्हणून त्याने विदर्भातून एक जुने पेट्रोल इंजिन शोधून आणले आहे. त्याचा क्रमांक अर्थातच आमच्या कागदांशी जुळत नाही. मग हे मूळ कसे, हा माझा प्रश्न. परक्या इंजिनापेक्षा काकांनी घडविलेली गाडी मला अधिक खरी वाटते. पण माझे ऐकून नोंदणी झाली नाही, तर तिला रस्ता कायमचा बंद होईल, हे पुतण्याचे म्हणणेही मला खोडता येत नाही.

आर. सी. बुकात इंधनाच्या रकान्यात ‘पेट्रोल’ खोडून ‘डिझेल’ लिहिले आहे. शेजारी लाल शाईतील सही आणि कचेरीचा शिक्का. नव्या अर्जाचा मसुदा मी तयार केला आहे. तेवढा एक रकाना अद्याप कोरा आहे.