कॅरन कारपेंटर : ड्रम वाजवणारी गायिका, ३२ व्या वर्षी गेली

सॉफ्ट रॉक म्हणजे गिटार-ड्रम असूनही कानाला न टोचणारं, हळुवार गाणं. त्यातलं मोठं नाव कॅरन कारपेंटर. जन्म २ मार्च १९५०, अमेरिकेतील न्यू हेवन येथे. १९६३ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियातील डाउनीला आलं. तिथं शाळेच्या बँडमध्ये ती ड्रम शिकली. पोरी सहसा ड्रमवर बसत नसत, तो हा काळ. थोरला भाऊ रिचर्ड पियानो वाजवायचा, गाण्यांची बांधणी करायचा. १९६९ मध्ये ‘ए अँड एम’ कंपनीने या भावंडांशी करार केला. ‘कारपेंटर्स’ या नावाने १९७० साली आलेलं ‘क्लोज टू यू’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढे तीन ग्रॅमी मिळाले. आवाज खालच्या पट्टीतला, शेजारी बसून बोलल्यासारखा. लोकांना ती पुढे उभी हवी होती, म्हणून ड्रम मागे पडले.

बारीक होण्याच्या नादात मात्र तिचं जेवण तुटलं. हा ‘अॅनोरेक्सिया नर्व्होसा’ नावाचा मनाचा आजार. १९८२ मध्ये न्यूयॉर्कला उपचार झाले, वजनही वाढलं. पण हृदय तोवर खचलं होतं. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी ती गेली. त्यानंतरच या आजारावर लोक उघड बोलू लागले. घरातलं लेकरू रोज ताट सारत असेल, तर नखरे म्हणून सोडू नका, डॉक्टरला दाखवा.