पाच ओळींचे भाष्य : ब्रिटनने युरोपीय संघ का सोडला

भाष्याची रीत जुनी आहे. आधी पदे सुटी करावीत, मग अन्वय लावावा, पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी उभा करावा आणि शेवटी सिद्धान्त सांगावा. ही रीत आपण सूत्रांना लावतो, ओव्यांना लावतो. इथे ती प्रचाराच्या मजकुराला लावली आहे, कारण त्या मजकुराने एका देशाची वाट बदलली. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमध्ये सार्वमत झाले. ७२.२ टक्के मतदान झाले आणि ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. पुढील पाच ओळींपैकी पहिल्या दोन ‘व्होट लीव्ह’ या मोहिमेच्या लाल बसवरच्या, तिसरी तिच्या भित्तिपत्रकावरची, चौथी तिचे घोषवाक्य आणि पाचवी प्रत्यक्ष मतपत्रिकेवरची. मूळ इंग्रजी आहे, मराठी रूप माझे.

ओळ पहिली : “आपण दर आठवड्याला युरोपीय संघाला ३५ कोटी पौंड पाठवतो.”

या वाक्याचे सगळे वजन ‘पाठवतो’ या क्रियापदावर आहे, आणि तेच सर्वांत कच्चे आहे. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये फाँतेनब्लो येथील शिखर बैठकीत ब्रिटनच्या वर्गणीत सूट मिळवली होती. ती रक्कम नंतर परत येत नसे, भरण्याआधीच वजा होत असे. म्हणजे ३५ कोटींमधला एक मोठा भाग ब्रिटनच्या तिजोरीतून कधी बाहेरच पडला नाही. २०१५ चा हिशेब घेतला तर ब्रिटनने प्रत्यक्षात भरले सुमारे १,३०० कोटी पौंड, म्हणजे आठवड्याला साधारण २५ कोटी. त्यातले सुमारे ४५० कोटी शेतकऱ्यांची अनुदाने आणि मागास भागांच्या विकासाचा निधी अशा वाटांनी देशात परतले. उरलेली निव्वळ वर्गणी आठवड्याला १६ कोटींच्या आसपास भरते. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष सर अँड्र्यू डिलनॉट यांनी हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचे मतदानापूर्वीच जाहीरपणे सांगितले होते.

पूर्वपक्ष म्हणतो : आकडा चुकला असेल, पण मुद्दा चुकला का? ब्रिटन देत होता जास्त आणि घेत होता कमी, हे खरेच होते. शिवाय परत येणारा पैसा कुठे खर्च करायचा हे ब्रसेल्सच्या, म्हणजे संघाच्या, नियमांनी ठरत होते. आपलाच पैसा दुसऱ्याच्या अटींवर का घ्यावा, असा प्रश्न करदात्याने विचारला तर त्यात गैर काहीही नाही.

हा पूर्वपक्ष मला मान्य आहे. म्हणूनच ३५ कोटींचा आकडा अधिक खटकतो. १६ कोटींनीही तेच सांगता आले असते, आणि खरे बोलून सांगता आले असते. विरोधकांनी तो आकडा खोडण्यासाठी जितका आटापिटा केला तितका तो लोकांच्या कानी अधिक पडला. या गदारोळात मोठा हिशेब मागे राहिला. वर्गणी हे गाळ्याचे भाडे मानले तर ते वाचते हे खरे, पण गाळा कोणत्या बाजारात आहे? २०१५ मध्ये ब्रिटनच्या निर्यातीतला ४४ टक्के वाटा युरोपीय संघात जात होता. संघाशी झालेल्या डिसेंबर २०२० च्या व्यापार करारात दोन्ही बाजूंनी आयातशुल्क लावले नाही. तरी माल कुठे बनला याचे दाखले, सीमाशुल्काची कागदपत्रे, मांस-दुधाच्या पदार्थांचे आरोग्य प्रमाणपत्र हे सगळे आले. मोठी कंपनी त्यासाठी माणसे नेमते. चीज विकणारा छोटा उत्पादक निर्यातच सोडून देतो. ब्रिटनच्या अंदाजपत्रक उत्तरदायित्व कार्यालयाचा अंदाज असा की, देश संघात राहिला असता तर, त्या तुलनेत त्याची उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी आणि आयात-निर्यात सुमारे १५ टक्क्यांनी कमी राहील. निव्वळ वर्गणी होती एकूण सरकारी खर्चाच्या साधारण एक टक्का. पहिल्या ओळीने वर्गणी मोजली, बाजार मोजला नाही.

ओळ दुसरी : “त्याऐवजी आपल्या एनएचएसला पैसा देऊ या.”

‘आपल्या’ या पदाचे मोल बाहेरच्या वाचकाला चटकन कळत नाही. ५ जुलै १९४८ रोजी सुरू झालेली एनएचएस, म्हणजेच राष्ट्रीय आरोग्य सेवा, ही तिथल्या माणसाला जन्मापासून सोबत करणारी व्यवस्था आहे. डॉक्टरकडे जाताना खिसा चाचपावा लागत नाही, या अनुभवावर तिथल्या चार पिढ्या वाढल्या. या एका नावाने युरोपचा किचकट प्रश्न घराच्या उंबऱ्याशी आणून ठेवला.

पुढे पैसा मिळाला का? मिळाला. जून २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी या सेवेसाठी पाच वर्षांत वर्षाला २,००० कोटी पौंडांहून अधिक वाढीव तरतूद जाहीर केली. आठवड्याच्या हिशेबात ती ३५ कोटींच्याही वर जाते. तिचा काही भाग संघ सोडल्याच्या ‘लाभांशा’तून येईल, असेही त्या म्हणाल्या.

इथे ‘त्याऐवजी’ हे पद नीट वाचले पाहिजे. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायचे, तर दोन्ही खिसे ज्या अंगरख्याला आहेत तो आटता कामा नये. अर्थव्यवस्था अपेक्षेपेक्षा लहान राहिली की करही कमी जमतो. वर्गणीची बचत त्या तुटीत विरघळून गेली. वाढीव पैसा आला तो कर आणि कर्ज यांतून. तो निर्णय योग्यच होता, पण तो घेण्यासाठी संघ सोडण्याची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट ही ओळ सांगत नाही. रुग्णालय पैशाने चालते तसे हातांनी चालते. सार्वमतानंतर युरोपातून येणाऱ्या परिचारिकांची संख्या झपाट्याने घसरली. त्याला आधीच कडक झालेली इंग्रजीची परीक्षाही काही अंशी कारण होती. ती जागा भारत, फिलिपीन्स आणि नायजेरिया इथल्या परिचारिकांनी भरली. पैशाचा प्रश्न असा माणसांच्या प्रश्नाला जाऊन मिळतो, आणि तिसरी ओळ तिथेच सुरू होते.

ओळ तिसरी : “तुर्कस्तान (लोकसंख्या ७ कोटी ६० लाख) युरोपीय संघात येत आहे.”

आधी काळ पाहू. ‘येत आहे’ हा चालू वर्तमानकाळ. तुर्कस्तान १९९९ पासून उमेदवार आहे. २००५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या आणि २०१६ पर्यंत ३५ प्रकरणांपैकी एकच तात्पुरते पूर्ण झाले होते. नव्या सदस्याला प्रत्येक जुन्या सदस्याची संमती लागते, म्हणजे ब्रिटनही एकटा नकार देऊ शकत होता. काळ चुकला की वाक्य चुकते. हे वाक्य चुकीचे होते, आणि कंसातल्या लोकसंख्येने माणसांना आकड्यात कोंबून भीती निर्माण केली. त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

पण पूर्वपक्ष इथे सर्वांत बळकट आहे आणि तो तुर्कस्तानचा नाही. १ मे २००४ रोजी दहा देश संघात आले, त्यांतले आठ पूर्व युरोपातले. बहुतेक जुन्या सदस्यांनी सात वर्षांपर्यंतची सवलत वापरून त्यांच्या कामगारांना थांबवून ठेवले. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी दार लगेच उघडले. ब्रिटनच्या गृहखात्याने करवून घेतलेल्या अभ्यासात वर्षाला ५ ते १३ हजार लोक येतील असा अंदाज होता. २०११ च्या जनगणनेत एकट्या पोलंडमध्ये जन्मलेले सुमारे ५ लाख ७९ हजार लोक इंग्लंड आणि वेल्समध्ये आढळले. लिंकनशरमधल्या बॉस्टनसारख्या गावात, जिथे भाजीपाल्याची शेते आणि पॅकिंगच्या शेड आहेत, तिथे काही वर्षांत शाळेचा वर्ग, भाड्याची खोली आणि दवाखान्याची रांग सगळे बदलले. बॉस्टनने ७५.६ टक्क्यांनी संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले. देशातला तो सर्वांत मोठा कौल होता.

मजुरीचे काय? बँक ऑफ इंग्लंडने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणे, एखाद्या भागातल्या कमी कौशल्याच्या सेवांमध्ये स्थलांतरितांचे प्रमाण १० टक्के बिंदूंनी वाढले तर तिथली मजुरी सुमारे २ टक्क्यांनी खाली येते. सरासरीत हा परिणाम लहान आहे, पण तो नेमका ज्याच्या पगारावर पडतो त्याला सरासरी दाखवून समजूत पटत नाही. दुसरीकडे, सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने २०१८ मध्ये दाखवले की युरोपातून आलेले लोक घेतात त्याहून अधिक कर भरतात. तिजोरीचा फायदा आणि गल्लीतली ओढाताण, दोन्ही एकाच वेळी खरी होती. फायदा लंडनच्या खजिन्यात जमा झाला, ताण बॉस्टनच्या वाट्याला आला. तो खजिना बॉस्टनकडे वळवायचा होता. हे काम ब्रसेल्सचे नव्हते, लंडनचे होते, आणि ते लंडनने केले नाही.

त्यावर आश्वासनांची भर पडली. निव्वळ स्थलांतर लाखाच्या आत आणू, असे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन २०१० पासून सांगत होते. मतदानाला महिना उरला असताना ३ लाख ३३ हजारांचा आकडा जाहीर झाला. संघाच्या करारातल्या मुक्त संचाराच्या कलमामुळे युरोपातून येणाऱ्यांवर मर्यादा घालणे सरकारच्या हातीच नव्हते. जे हातात नाही त्याचे वचन देणे, ही लोकशाहीत सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

हा प्रश्न आपल्यापर्यंतही पोचतो. भारतीय स्वयंपाक्याला व्हिसासाठी पगाराची अट आणि युरोपीय कामगाराला कसलीच अट नाही, ही विषमता तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल यांनी प्रचारात मांडली आणि अनेक ब्रिटिश भारतीयांना ती पटली. गोव्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचे नागरिकत्व घेता येते. लिस्बनमध्ये जन्मनोंद करून, पोर्तुगीज पासपोर्ट हाती घेऊन हजारो गोवेकर स्विंडन, साउथॉल, लेस्टर इथे कामाला गेले. तेरेखोल नदीच्या अलीकडचा, गोव्यातला माणूस युरोपीय म्हणून विनाव्हिसा जात होता आणि पलीकडच्या सिंधुदुर्गातल्या माणसाला व्हिसाची रांग होती. गोवेकरांची ही वाट ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली. त्याआधी पोचलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत वास्तव्याचा अर्ज करावा लागला.

मग स्थलांतराचा आकडा घटला का? १ जानेवारी २०२१ पासून गुणांवर आधारित पद्धत आली. युरोपातून येणाऱ्यांपेक्षा परतणारे वाढले. पण २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षात एकूण निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेले. वृद्धांची काळजी घेणाऱ्यांना व्हिसा खुला केला तो लंडनने, विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर राहण्याची मुभा पुन्हा दिली ती लंडनने, युक्रेन आणि हाँगकाँगच्या लोकांना आसरा दिला तोही लंडनने. पुढे लंडननेच नियम आवळले आणि जून २०२५ पर्यंतच्या वर्षात आकडा २ लाखांच्या आसपास उतरला. सिद्धान्त हा : किल्ली हाती आली हे खरे ठरले, आणि दार बंदच ठेवायचे आहे हे गृहीतक खोटे ठरले. ज्या समाजाला म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला माणसे हवी आहेत, त्याला दार उघडावेच लागते.

ओळ चौथी : “ताबा परत घेऊ या.”

या ओळीत आकडा नाही, म्हणून खोडायलाही काही नाही. ‘परत’ हे पद सांगते की काही गमावले होते. ते खरे होते. संघाचा कायदा आणि संसदेचा कायदा यांत विसंगती आली तर संघाचा कायदा वरचढ ठरत असे. सॅनिटरी पॅडवर किमान ५ टक्के कर ठेवणे ब्रिटनला भाग होते. तो कर १ जानेवारी २०२१ रोजी शून्य झाला. व्यापार करार करण्याचा हक्कही परत आला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटन प्रशांत महासागरी देशांच्या करारात सामील झाला आणि २४ जुलै २०२५ रोजी भारताशी करार झाला. मात्र भारताशी झालेल्या या करारातून दीर्घकाळात वर्षाला मिळणारी वाढ ब्रिटिश सरकारच्याच अंदाजाने ४८० कोटी पौंड, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ०.१ टक्का आहे. ती वर सांगितलेल्या ४ टक्क्यांशेजारी ठेवून पाहावी.

ताब्याला दुसरी बाजूही असते. मच्छीमारांना आपले पाणी परत मिळेल असे सांगितले गेले. मे २०२५ मध्ये युरोपीय बोटींचा प्रवेश २०३८ पर्यंत वाढवला गेला, कारण ब्रिटनने पकडलेली बरीचशी मासळी युरोपातच विकली जाते. उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यात जमिनीवर सीमा नको म्हणून तपासणी समुद्रावर आली, म्हणजे देशाच्या दोन भागांमध्येच आली. ताबा मिळतो तो निर्णयाचा. परिणामांचा ताबा शेजाऱ्यांशी वाटूनच घ्यावा लागतो.

ओळ पाचवी : “युरोपीय संघ सोडावा.”

मतपत्रिकेवरच्या दोन पर्यायांपैकी हा एक. ‘सोडावा’ यात कुठून निघायचे हे आहे, कुठे जायचे हे नाही. एकत्रित बाजारात राहायचे की नाही, सीमाशुल्क संघ ठेवायचा की नाही, याबद्दल मतपत्रिका गप्प होती. म्हणून निकालापासून देश बाहेर पडेपर्यंत, म्हणजे ३१ जानेवारी २०२० पर्यंत, संसद त्या एका शब्दाचा अर्थ लावत बसली. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते. त्यांना तर प्रवासाची इच्छाच नव्हती.

आता पाचही ओळींचा एकत्र अन्वय लावू. आर्थिक ओळी टिकल्या नाहीत. स्थलांतराच्या ओळीतली व्यथा खरी होती, उपाय अपुरा होता. आपले निर्णय कोण घेतो, हा चौथ्या ओळीतला प्रश्न मात्र सुरुवातीपासून सच्चा होता आणि एखादा देश त्यासाठी नुकसान सोसायलाही तयार होऊ शकतो. मग ते नुकसान मतदारासमोर प्रामाणिकपणे ठेवायला हवे होते. “आम्ही थोडे गरीब होऊ, पण आमचे निर्णय आम्ही घेऊ,” असे वाक्य त्या बसवर लिहिता आले असते. खऱ्या मुद्द्याला खोट्या आकड्याचा टेकू दिला गेला आणि त्यामुळे खरा मुद्दाही संशयात सापडला. कोणत्याही देशात, कोणत्याही घोषणेसमोर मतदाराने एवढे करावे : पदे सुटी करावीत, काळ तपासावा, आणि कोणती गोष्ट मोजायची राहून गेली आहे ते विचारावे.