माजी मुख्यमंत्र्यांचा मुलूख

‘माजी’ हा शब्द मुळातला अरबी. आमच्या घरच्या उर्दूत ‘माज़ी’ म्हणजे होऊन गेलेला काळ. मराठीने तो घेतला आणि पदांना जोडला. माजी सरपंच, माजी आमदार, माजी मुख्यमंत्री. पण नांदेड-लातूरकडे या शब्दाचा अर्थ जरा बदलला आहे. आमच्याकडचा माजी मुख्यमंत्री होऊन गेलेला नसतो. तो परत येतो.

या दोन शेजारी जिल्ह्यांनी महाराष्ट्राला चार मुख्यमंत्री दिले. नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि त्यांचे चिरंजीव अशोकराव, लातूर जिल्ह्यातले निलंग्याचे शिवाजीराव पाटील आणि बाभळगावचे विलासराव देशमुख. चौघांनाही मध्येच खुर्ची सोडावी लागली आणि चौघेही पुन्हा पदावर आले. दोघे तर पुन्हा मुख्यमंत्रीच झाले. याला कुणी सत्तेचा लोभ म्हणतं, कुणी चिकाटी. मला वाटतं, हा प्रश्न जरा इतिहासात जाऊन पाहावा.

श्रोतेहो, आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात राजाने गादीवरून उतरायचं आणि रयतेला विचारून परत यायचं, ही कल्पनाच नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. पुढे निजाम १९५६ पर्यंत राजप्रमुख राहिले, पण मतं मागायला ते कधी आले नाहीत. १९५२ ला पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि राज्य करणाऱ्याने दारात येऊन हात जोडायचे, ही नवी रीत आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिली. त्याच साली तिकडे मद्रासेत राजाजी मुख्यमंत्री झाले. स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरल राहिलेला हा माणूस एका प्रांताच्या कारभाराला परत आला. मात्र ते मतदाराच्या दारातून आले नाहीत. राज्यपालांनी त्यांना विधान परिषदेवर नेमलं होतं. परत यायच्या वाटा अशा निरनिराळ्या असतात.

आता शंकररावांचं पाहा. १९७५ ते १९७७ ते मुख्यमंत्री होते. त्यांच्या मंत्रिमंडळात शरद पवार नावाचे एक तरुण मंत्री होते. जुलै १९७८ मध्ये तेच पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले आणि अठ्ठावन्न वर्षांचे शंकरराव त्यांच्या हाताखाली मंत्री म्हणून बसले. २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि २०२४ मध्ये एकनाथ शिंदे झाले, तेव्हा राज्यभर नवल झालं. नांदेडकरांनी हे नवल चाळीसेक वर्षं आधीच पाहून ठेवलं होतं. शंकरराव १९८० ला लोकसभेत गेले, केंद्रात मंत्री झाले आणि मार्च १९८६ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री म्हणून मुंबईत आले.

त्या वेळी त्यांनी ज्यांची जागा घेतली ते निलंगेकर. नऊ महिने मुख्यमंत्री राहिल्यावर परीक्षेतल्या गुणवाढीच्या प्रकरणावरून त्यांना पद सोडावं लागलं होतं. दुसरा कुणी असता तर राजकारणातून उठून गेला असता. निलंगेकर पुढेही लढत राहिले आणि सुशीलकुमार शिंद्यांच्या मंत्रिमंडळात मंत्रीही झाले. २००४ ला निलंग्यात त्यांच्या सख्ख्या नातवाने, संभाजीरावांनी त्यांना हरवलं. २००९ ला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आजोबांनी नातवाला हरवलं. माजी मुख्यमंत्र्याला त्याच्याच घरातल्या पोराने पाडावं आणि त्याने पुन्हा उभं राहावं, हे फक्त मतपेटीच घडवू शकते.

विलासरावांना लातूरकरांनी १९९५ ला घरी बसवलं आणि १९९९ ला मोठ्या फरकाने निवडून दिलं. ते मुख्यमंत्री झाले. जानेवारी २००३ मध्ये पक्षाने त्यांना उतरवलं, नोव्हेंबर २००४ मध्ये पुन्हा बसवलं. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर डिसेंबर २००८ मध्ये ते गेले आणि त्यांच्या जागी अशोकराव आले. १९८६ सारखंच लातूरच्या हातून नांदेडच्या हाती गेलं. अशोकरावांनी २०१० मध्ये ‘आदर्श’ प्रकरणात राजीनामा दिला. २०१४ च्या लाटेतही नांदेडने त्यांना लोकसभेत पाठवलं. २०१९ ला त्याच नांदेडने पाडलं, तर काही महिन्यांनी भोकरने विधानसभेत निवडून दिलं आणि वडिलांप्रमाणेच तेही दुसऱ्याच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. २०२४ मध्ये ते भाजपमध्ये जाऊन राज्यसभेवर गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत झालेल्या लोकसभा निवडणुकीत नांदेडची जागा मात्र काँग्रेसने जिंकली. नेता गेला म्हणून मतदार त्याच्या मागे गेलाच, असं नाही.

म्हणून परत येणाऱ्याला हसणं मला पटत नाही. ज्याला पडण्याची भीती आहे तो राजा नव्हे, हीच तर आपली कमाई. पण या हिशेबाला दुसरीही बाजू आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. दोन मुख्यमंत्री दिलेल्या जिल्ह्यात घागरी रेल्वेची वाट पाहत होत्या. दुष्काळ कुणा एकाने आणला नव्हता, हे खरं. जायकवाडी, विष्णुपुरी ही कामं झाली, हेही खरं. तरी अनुशेष हा शब्द आमच्या पिढीने तरुणपणी ऐकला आणि नातवंडंही तोच ऐकताहेत. जी घराणी परत परत आली, त्यांच्या येण्याबरोबर तो का सरला नाही, हे विचारायला नको काय?

शंकररावांच्या दुसऱ्या कारकिर्दीत राज्यात शून्याधारित अर्थसंकल्पाचा प्रयोग झाला होता. त्याचा अर्थ सोपा आहे. गेल्या वर्षी या खर्चाला पैसे दिले होते म्हणून यंदाही द्यायचे, असं चालणार नाही. प्रत्येक खात्याने शून्यापासून सांगायचं, पैसे कशाला हवेत आणि त्यातून काय होणार. परत येणाऱ्या नेत्याला मतदारानेही हाच नियम लावावा. तुम्ही पूर्वी कोण होता, तुमचे वडील कोण होते, हे आम्हाला ठाऊक आहे. ते बाजूला ठेवा आणि शून्यापासून सांगा. आता कशासाठी येताय? आमच्या नळाला पाणी किती दिवसांआड येईल? तालुक्यातलं पोर पुण्याला न जाता इथंच काम करील, असं काय उभं करणार?

उत्तर देता आलं तर त्याला बसायला पाट द्यावा. नाही आलं तर ‘माजी’ या शब्दाचा मूळ अर्थ त्याला समजावून सांगावा. तो सांगायला भाषण लागत नाही, बोटावरची शाई पुरते.