वणवा आणि गावाची जबाबदारी : सातारा-सांगलीचा डोंगरपट्टा

जावळी, पाटण व शिराळा या भागांत फाल्गुनाच्या सुमारास डोंगरावरील गवत वाळते आणि वणव्याचे दिवस येतात. घराभोवतालचे गवत काढणे, वैरणीची गंजी वस्तीपासून दूर रचणे, ही ज्या त्या कुटुंबाची तयारी होय. डोंगर राखणे मात्र साऱ्या गावाकडे होते, आणि हे काम कायद्याने कोणाच्या माथी मारले याकडे सहसा लक्ष जात नाही.

१८७८ च्या व त्यानंतर १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव जंगलात आग लावणे हा गुन्हा ठरविला. ज्या आगीवर नाचणीचा राब भाजला जाई व जिच्यामुळे नवे गवत जोमाने फुटते अशी समजूत होती, तीच आग सरकारच्या लेखी निव्वळ नाश ठरली. १९२७ च्या अधिनियमाच्या ७९ व्या कलमाने जंगलात चराईचा अथवा लाकूडफाट्याचा हक्क असणाऱ्या प्रत्येकास वणवा विझविण्यास बांधून घेतले. कसूर केल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा २०० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. जंगलालगतच्या गावी सरकारी मोबदला घेऊन गावकीची चाकरी करणारेही यात येत. इकडच्या गावगाड्यात याचा अर्थ पाटील आणि वतनदार महार-रामोशी असाच होतो. उलट २६ व्या कलमान्वये आग बुद्ध्या वा घोर हयगयीने लागल्यास त्या जंगलातील चराईचे हक्कच स्थगित करता येत. एकाने काडी लावावी आणि साऱ्या गावाची गुरे उपाशी राहावीत! अशा स्थितीत आग लावणाऱ्याचे नाव गाव सांगेल, ही अपेक्षाच भाबडी होती. जंगल कायद्याविषयीचा रोष १९३० मध्ये बिळाशीच्या सत्याग्रहात उघड झाला. बिळाशी तेव्हा सातारा जिल्ह्यात होती.

तथापि हक्क व राखण यांची ही गाठ, कितीही जाचक असली तरी, डोंगरावर माणसे ठेवीत होती. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने गेली, आणि ते न्याय्यच झाले. कोयना व वारणा या नद्यांवरील धरणांनी आणि पुढे अभयारण्यांनी अनेक गावे उठविली. कोयना अभयारण्य १९८५ चे, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ चे. जाळरेषा काढण्याचे काम वनखात्याकडे राहिले. २००४ पासून उपग्रहाच्या आधारे आगीची सूचनाही खात्यास मिळू लागली. परंतु कड्याकपारीत हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपण्यास माणूसच लागतो, आणि ज्यांच्यावर कायद्याने हे काम टाकले होते त्यांतील कित्येक कुटुंबे आज त्या डोंगरापासून दूर, पुनर्वसित वसाहतींत आहेत.