शिकागोचे पांढरे मोजे

बेसबॉलचे मैदान मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. आमच्या गावात विटीदांडू आणि क्रिकेट यांपलीकडे कुणाची मजल गेली नाही. पण माझा एक जुना विद्यार्थी शिकागोला असतो. तिथल्या ‘व्हाइट सॉक्स’ या संघावर, म्हणजे शब्दशः पांढऱ्या मोज्यांवर, त्याचा असा काही जीव जडला आहे की, घरची खुशाली विचारण्याआधी तो हरलेल्या सामन्याचे रडगाणे गातो. २०२४ च्या सप्टेंबरअखेर त्याचा फोन आला तो एवढाच : “सर, आज एकशेएकविसावा!”

हंगामात सामने १६२, त्यांतले १२१ पराभव. १९६२ साली न्यूयॉर्कचा मेट्स १२० सामने हरला होता, तो विक्रमही यांनी मोडला. १९०१ पासून इतके पराभव कुणाच्या पदरी आले नव्हते.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हा काही ढ मुलांचा वर्ग नव्हे. हा तर शिष्यवृत्तीला बसवलेला वर्ग होता.

या घराण्याला तसा जुना शाप. १९१९ साली जुगाऱ्यांचे पैसे घेऊन अंतिम मालिका हरल्याचा आरोप संघातल्या आठ जणांवर आला आणि ते खेळातून कायमचे हद्दपार झाले. १९१७ नंतरचे अजिंक्यपद मिळायला २००५ साल उजाडले. पण १९८१ पासून संघाचे एक मालक असलेले जेरी राइन्सडॉर्फ यांच्यापुढे २०१६ साली उभा होता तो शाप नव्हे, शेजारी. शहराच्या उत्तरेकडचा कब्ज संघ २०१२ साली १०१ सामने हरला आणि २०१६ साली अजिंक्य झाला. ह्यूस्टनने तर २०१३ साली १११ सामने गमावले आणि २०१७ ला बाजी मारली.

यातली मेख अशी की, अमेरिकेत तळाच्या संघाला नव्या पोरांतून निवड करायचा मान आधी मिळत असे. म्हणजे नामवंत खेळाडू दुसऱ्यांना द्यायचे, बदल्यात होतकरू पोरे घ्यायची, चार वर्षे मुकाट मार खायचा आणि पोरे वयात आली की राज्य करायचे.

डिसेंबर २०१६ मध्ये व्यवस्थापक रिक हान यांनी क्रिस सेल हा उंचापुरा डावखुरा पिचर, आपल्या भाषेत गोलंदाज, बॉस्टनला दिला आणि मोंकाडा, कोपेक यांच्यासह चार पोरे घेतली. दुसऱ्याच दिवशी ॲडम ईटन वॉशिंग्टनला गेला, जिओलिटोसह तिघे आले. पुढल्या जुलैत किंताना चक्क शेजारच्या कब्जकडे गेला आणि हिमेनेझ, सीस हाती आले. क्युबाच्या लुईस रॉबर्टवर तर करारापोटीच २ कोटी ६० लाख डॉलर ओतले. २०१८ साली १०० पराभव झाले, तरी लोक आनंदात होते! पेरणीच्या दिवसांत कणगी रिकामी दिसायचीच.

पोरे नासकी निघाली असे कुणी म्हणेल, तर ते मला पटत नाही. जिओलिटोने २०२० साली प्रतिपक्षाला एकही हिट न देता आख्खा सामना काढला. २०२१ मध्ये संघाने ९३ सामने जिंकून आपला गट मारला. हिमेनेझ आणि रॉबर्ट त्या वर्षी दुखापतींनी महिनोन् महिने बाहेर होते, तरीही.

उणे पडले ते वडीलधाऱ्यांकडून. २०१९ च्या आरंभी मॅनी मचाडो हा मोठा फलंदाज मोकळा होता. त्याला आणायचे म्हणून संघाने आधी त्याचा मेहुणा घेतला, मग एक मित्र घेतला. सोयरीक जुळवावी तशी सारी तयारी! पण सॅन डिएगोने दहा वर्षांचे ३० कोटी डॉलर मांडले आणि नवरदेव तिकडे गेला. व्हाइट सॉक्सचा तोवरचा सर्वांत मोठा करार २०२३ च्या हंगामासाठी झाला, तोही साडेसात कोटींचा. पोरांच्या जोडीला जे कसलेले गडी हवे होते, ते पुरेसे आलेच नाहीत.

यात मला माझेच तोंड दिसते. एका मुलाबद्दल “हा बोर्डात येणार” असे मी वर्षभर गावभर सांगत होतो. त्याच्या पुस्तकांसाठी पैसे कमी पडले तेव्हा मात्र मी गप्प बसलो.

आणि मग २०२० चा तो निर्णय. संघ वर चढत असताना मार्गदर्शक रेंटेरिया यांना घालवून राइन्सडॉर्फनी ७६ वर्षांच्या टोनी ला रूसांना बोलावले. १९८६ साली याच संघाने त्यांना काढले होते, त्याची बोच मालकांच्या मनात होती. ला रूसा थोर खरेच, पण २०११ नंतर ते संघाच्या बाकावर बसले नव्हते. मे २०२१ मध्ये १५-४ अशी आघाडी असताना मर्सिडीझ या नवख्या पोराने हळू आलेला चेंडू बाहेर भिरकावला. त्याने आपली खूण मानली नाही, प्रतिपक्षाचा मान राखला नाही, म्हणून ला रूसांनी त्याला चारचौघांत फटकारले. मास्तर असूनही माझा जीव त्या पोराकडे ओढतो.

त्या शरदात ह्यूस्टनने चार सामन्यांत गाशा गुंडाळायला लावला. २०२२ ला ८१ जय, ८१ पराजय. ला रूसा आजारपणाने गेले. २०२३ ला १०१ पराभव, आणि ऑगस्टमध्ये हान व त्यांचे वरिष्ठ केनी विल्यम्स घरी बसले. जागा कुणाला दिली? घरातल्याच क्रिस गेट्झना.

इकडे ज्यांनी ‘नग’ घेतले होते त्यांचे काय? बॉस्टन २०१८ साली अजिंक्य झाले. अखेरचा गडी सेलनेच बाद केला आणि तो गडी होता मॅनी मचाडो! पुढल्या वर्षी ईटनचे वॉशिंग्टन जिंकले.

डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा फोन आला. गॅरेट क्रोशे हा उंच डावखुरा पिचर बॉस्टनला दिला होता. बदल्यात चार पोरे.

“चारही चांगली आहेत म्हणतात, सर,” तो म्हणाला, आणि हंगामाचे तिकीट काढल्याचे हळूच सांगितले.